मेळ्यातली गाडी: "कोटिंग यार्डातच झालंय" म्हणतात, खरंच झालंय का ते कसं बघायचं?

मुरारवाला

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतोय. मेळ्यातून गाडी घेतोय, कॉम्पॅक्ट एसयूव्ही, पांढरी. बुकिंग झालं, चेसिस नंबर अलॉट झाला, थोडे पैसे भरलेत, बाकी लोनचे यायचेत. काल फायनल कोटेशन आलं तर खाली एक ओळ वाढलेली, पेंट प्रोटेक्शन पॅकेज २४,९००. मी विचारलं हे कधी ठरलं आपलं, तर सेल्सवाला म्हणतो, "सर ये तो मेले की सारी गाड़ियों में यार्ड में ही हो जाता है, अब निकल थोड़ी सकता है." पॅकेजात म्हणे बॉडीवर सिरॅमिक कोटिंग, खाली अंडरबॉडी कोटिंग आणि आत सीटांवर कसलातरी स्प्रे.

जे ग्वाल्हेरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या व्यापार मेळ्यात गाडी घेतली की रोड टॅक्सवर ५० टक्के सूट मिळते, त्यामुळे अख्खं गाव आणि आजूबाजूचे जिल्हे या दिवसांत गाडी घ्यायला धावतात आणि डीलरला माहीत असतं की हा आता कुठं जाणार नाही. टॅक्सचे वाचतात ते असे दुसऱ्या खिशातून काढतात असं दिसतंय.

बाबांना घेऊन यार्डात जाऊन आलो. गाडी धुळीनं माखलेली, बॉनेटवर आणि छतावर ती पांढरी फिल्म तशीच, दारांच्या कडांना फोमचे तुकडे लावलेले. त्यामुळे चमकबिमक काही कळली नाही. एका दारावर बोटानं धूळ पुसली तर खाली गुळगुळीत लागलं, पण नवीन गाडी गुळगुळीतच असणार ना. मित्र म्हणाला पेंट मोजायचं मशीन मिळतं, ते लावलं की कोटिंग आहे की नाही लगेच कळतं. खरं आहे का? आणि नसेल केलं तर मी काय म्हणू त्यांना? बाबा म्हणतात शुभ कामात वाद नको, देऊन टाक. मला २५ हजार असे सोडवत नाहीत.

क्लिअरकोट

अरे तुझं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. बॉनेट आणि छतावरची पांढरी फिल्म तशीच आहे म्हणालास ना, मग कोटिंग केलं कशावर? ती फिल्म फॅक्टरीतून निघताना लावतात, ट्रेलरवर आणि यार्डात खरचटू नये म्हणून, आणि पीडीआयला म्हणजे डिलिव्हरीच्या आधीच्या तपासणीला काढतात. सिरॅमिक लागतं ते पेंटच्या सगळ्यात वरच्या थरावर म्हणजे क्लिअरकोटवर, फिल्मवर नाही. फिल्म काढून, कोटिंग करून, परत तीच फिल्म चिकटवणारा माणूस मी तरी या धंद्यात पाहिला नाही. म्हणजे बॉनेट आणि छत नक्की कोरं आहे, आणि उन्हाचा नि पक्ष्यांचा मार सगळ्यात जास्त तिथंच बसतो. फोमच्या तुकड्यांखाली पण तेच.

आजच परत जा आणि व्हिडिओ काढ. आधी चेसिस नंबर दिसू दे, मग न थांबता तसाच कॅमेरा फिल्मवर, फोमवर, सगळ्या बाजूंनी. तुकड्या तुकड्यात नको, एकाच शॉटमध्ये, नाहीतर म्हणतील दुसरी गाडी होती. हे फिल्म निघायच्या आधी कर, एकदा गाडी धुवून पुसून समोर उभी केली की मग तुझ्याकडे काही उरत नाही.

आता मशीनचं. मित्र अर्धं बरोबर सांगतोय. फॅक्टरी पेंटची सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते, काही गाड्यांवर त्याहून कमी पण निघते. सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉनचा, कधी तेवढाही नाही. आणि मशीनची स्वतःचीच चूक दोन-तीन मायक्रॉनची असते, शिवाय एकाच दारावर दोन जागी रीडिंग दहा-पंधरानं वेगळं येतं. मग त्यात कोटिंग कुठनं दिसणार. कोणी तुला मशीन लावून "देखो सर १२८ आ रहा है, कोटिंग है" म्हणाला तर त्याला हात जोड.

मशीन वेगळ्याच कामाला आण. ट्रान्झिटमध्ये किंवा यार्डात दार ठोकलं गेलं असेल आणि गुपचूप रंगवलं असेल तर तिथं २००-३०० रीडिंग येतं, पुट्टी भरली असेल तर त्याहून कितीतरी जास्त. मेळ्याच्या गर्दीत गाड्या इतक्या मागेपुढे सरकवतात की हे बघणं कोटिंगपेक्षा जास्त गरजेचं आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर साधं मशीन काही दाखवत नाही.

आणखी एक, हा जानेवारी आहे. रात्री पारा कुठं जातो तुला माहीत आहे, सकाळी धुकं, गाडीवर दव. सिरॅमिक नीट बसायला साधारण १५ ते २५ डिग्री लागते, कोरडी बंद जागा लागते, लावल्यावर निदान रात्रभर पाणी लागायला नको आणि आठवडाभर धुवायची नाही. त्याच्या आधी गाडी धुणं, क्ले मारणं म्हणजे मातीसारख्या गोळ्यानं चिकटलेली घाण काढणं, पॉलिश, मग अल्कोहोलनं पुसून तेल-बिल काढणं, मग एकेक पॅनल लावत जायचं आणि वाळायच्या आत पुसून सपाट करायचं. एका गाडीला दिवस जातोच. हे सगळं उघड्या यार्डात, धुळीत, मेळ्याच्या सगळ्या गाड्यांना केलंय? कसं शक्य आहे.

जुना लष्करी

मी तर म्हणतो हवंय कशाला कोटिंग. माझी गाडी वर्षानुवर्षं वाड्यातल्या लिंबाखाली उभी असते, वरनं लिंबोळ्या पडतात, पोपट, कबुतरं सगळ्यांचा प्रसाद मिळतो. रोज ओल्या फडक्यानं पुसतो, दिवाळीच्या आधी एकदा वॅक्स, संपलं. पूर्वी हेच लोक टेफ्लॉन कोटिंग टेफ्लॉन कोटिंग करत मागं लागायचे, आता नाव बदललं. तुझे वडील म्हणतात वाद नको ते बरोबरच आहे, पण वाद न घालता पण नाही म्हणता येतं बाळा. नको म्हणायचं आणि गप्प बसायचं.

क्लिअरकोट

काका, टेफ्लॉनचं तुम्ही बरोबर बोललात. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, ते धातूला धरायला ३०० डिग्रीच्या वर तापवावं लागतं, तव्यावर तसंच बसवतात, गाडीचा पेंट तेवढा तापवला तर पेंटच राहणार नाही. त्यामुळे शोरूममध्ये टेफ्लॉन म्हणून जे घासायचे ते साधं पॉलिमर सीलंट, काही महिन्यात धुवून जायचं. सिरॅमिक तसं नाही, चांगल्या मालाचं आणि नीट लावलेलं असेल तर दोन-तीन वर्षं टिकतं, माझा त्यावर राग नाही, पोट त्यावरच आहे. राग न लावता पैसे घेण्यावर आहे.

फक्त रोज कोरड्या धुळीवर ओलं फडकं मारता ते बंद करा. ग्वाल्हेरची धूळ म्हणजे दगडाचा भुगा, फडक्याखाली तो घासला जातो आणि उन्हात गोल गोल जाळ्यासारखे चरे दिसतात. आधी पाणी मारून धूळ जाऊ द्या मग पुसा.

जयेंद्रगंजची वकीलीणबाई

मुरारवाला, कोटिंग झालंय की नाही हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न असा की तू ते मागितलं होतंस का? बुकिंग फॉर्म काढून बघ. त्यात पॅकेजचं नाव नाही आणि तुझी सही त्याखाली नाही, तर मग त्यांनी केलं असलं तरी ते त्यांच्या मर्जीनं केलं, तू पैसे का द्यायचे. "निकल नहीं सकता" हे गाडीवरनं निघत नसेल, बिलातनं तर निघतं.

एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं याला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा म्हटलंय, कलम २(४१). शोरूमच्या इन्शुरन्सची जबरदस्ती करतात तिथं पण हाच मुद्दा उपयोगी पडतो. पण लगेच कलम तोंडावर फेकू नकोस, त्यानं माणूस अडून बसतो. आधी साधा ईमेल टाक, मॅनेजरला, सेल्सवाल्याला कॉपी. की मी हे पॅकेज मागितलेलं नाही, कोटेशनमधून काढून सुधारित कोटेशन द्या, आणि केलंय असं आपलं म्हणणं असेल तर प्रॉडक्टचं नाव, बॅच नंबर, कुठल्या तारखेला कुठं केलं ते लिहून द्या. बस एवढंच. फोनवर कितीही गोड बोलले तरी तू उत्तर ईमेलवरच माग. बहुतेक ठिकाणी हे "लिहून द्या" आलं की ओळ आपोआप गळून पडते.

नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथं तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि तक्रारीचा नंबर मिळाला की तो त्याच ईमेलखाली चिकटवायचा. जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ या रकमेला येऊ नये, पण आली तर दोन वर्षांची मुदत असते. आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तुझी गाडी त्याच्या वर जाईल म्हणून थोडी फी लागेल, फार नाही.

टॅक्सची सूट मेळ्यातल्या विक्रीला आणि ग्वाल्हेर आरटीओच्या रजिस्ट्रेशनला मिळते, कोटिंगशी तिचा काही संबंध नाही. कोणी तसं सुचवलं तर तेही लिहून माग, मजा येईल.

सिटी सेंटर ९

माझा पण प्रश्न जोडते यात. आम्ही मागच्या मेळ्यात गाडी घेतली तेव्हा डीलरनं पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लावून दिलं, बॉनेट आणि पुढचा बंपर. आता कडेनं पिवळट दिसतंय. ते पण मशीनवर कळत नाही का?

क्लिअरकोट

ताई, पीपीएफ वेगळी गोष्ट. ती खरी फिल्म असते, १५० ते २०० मायक्रॉन जाड, त्यामुळे मशीनवर ठणठणीत कळते. बॉनेट लोखंडी असेल तर १२० च्या जागी ३०० च्या आसपास रीडिंग येईल. आणि मशीन नसलं तरी नखानं कळतं, बॉनेटच्या कडेला फिल्म जिथं संपते तिथं बारीक पायरी लागते. चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची असते, तिच्यावर बारीक चरे पडले की कोमट पाणी ओतल्यावर भरून येतात. एवढ्या लवकर पिवळी पडली म्हणजे बहुधा साधं पीव्हीसी प्लास्टिक लावलंय, दिसायला सुरुवातीला सारखंच. वॉरंटी कार्डावर रोलचा नंबर आहे का बघा, फिल्मच्या कंपनीकडे तो नंबर टाकून विचारता येतं. नंबरच नसेल तर मग डीलरलाच धरा.

मुरारवाला

सगळ्यांचे आभार, खरंच. व्हिडिओ काढला, वकीलताईंनी सांगितला तसा ईमेल पण टाकला. आता नवीन नाटक. आज मॅनेजर स्वतः फोनवर, म्हणे फिल्मखालच्या दोन पॅनलचं राहिलंय, बाकी सगळं झालंय, ते दोन डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी करून देऊ. आणि व्हॉट्सॲपवर वॉरंटी कार्डाचा फोटो पाठवला, ३ वर्षं, ९एच हार्डनेस, वर सोनेरी छपाई, चेसिस नंबरची जागा कोरी. मी गेलो तेव्हा त्यांनी दारावर पाणी मारून दाखवलं, थेंब छान गोल गोल होऊन घरंगळले. मग बाबा म्हणाले बघ, आहे ना कोटिंग. आता मला पण शंका यायला लागली, असेल का खरंच बाकीच्या पॅनलवर?

क्लिअरकोट

थेंब वॅक्सवर पण गोल होतात, वॅक्सवाल्या शाम्पूनं सकाळी गाडी धुतली तरी होतात, आणि नव्या पेंटवर थोडेफार असेही होतात. एकट्या थेंबांवरनं काही सिद्ध होत नाही, तुलना करावी लागते. असं कर, दार उघड, आतली चौकट बघ जिथं दार बंद झाल्यावर झाकलं जातं. तिथं तोच पेंट असतो पण कोटिंग सहसा कोणी करत नाही. दाराच्या बाहेरच्या बाजूला खाली कोपऱ्यात हातभर जागा आणि आतली चौकट, दोन्ही आयसोप्रोपाइल अल्कोहोल निम्मं पाणी घालून मऊ मायक्रोफायबरनं पुस. केमिस्टकडे मिळतं. त्यानं वरवरचं वॅक्स, ग्लेझ, शाम्पूचा चिकटा निघतो, नीट वाळलेल्या सिरॅमिकला काही होत नाही. मग दोन्हीकडे स्प्रे बाटलीनं पाणी मार. बाहेर थेंब उभे आणि आत पाणी पसरलेलं असेल तर काहीतरी आहे. दोन्हीकडे सारखंच असेल तर २४,९०० चं काही नाही.

हे करायला ते तयार होतात का ते पण बघ. "कोटिंग खराब होईल" म्हणाले तर विचार की ३ वर्षं टिकणारं कोटिंग केमिस्टकडच्या स्पिरिटनं जाणार असेल तर ते पावसाळ्यात काय करणार. फक्त आदल्या दिवशीच लावलं असं म्हणत असतील तर खरोखरच थांबायला हवं, ताजं कोटिंग नाजूक असतं. पण मग त्यांना तारीख सांगावी लागेल, आणि ईमेलमध्ये तू तीच तर मागितली आहेस.

"डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी" हे वाक्य तर मॅनेजरनं बोलायलाच नको होतं. सकाळी लावून दुपारी फुलांचा हार, नारळ, आणि संध्याकाळी गाडी मांढरेच्या मातेच्या दर्शनाला. रात्री दव पडणार. त्या कोटिंगवर पहिल्याच रात्री पाण्याचे डाग बसतात आणि मग ते डाग काढायला परत पॉलिश.

९एच ला घाबरू नकोस. ते पेन्सिलचं माप आहे, ९एच ची कडक पेन्सिल ठरावीक दाबानं घासली तर चरा पडत नाही एवढाच अर्थ. दगड, किल्ली, बाजारातली हातगाडी यांच्याशी त्याचा संबंध नाही. कार्डाच्या मागं बारीक अक्षरात बघ, चरे, दगडाचे टवके, खाऱ्या पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं बहुतेक वगळलेलं असतं आणि दर सहा महिन्यांनी पैसे देऊन त्यांच्याकडेच मेंटेनन्स केलं नाही तर वॉरंटी रद्द. बोअरिंगच्या पाण्यानं धुणाऱ्याला तर सिरॅमिकचा उलटा ताप, थेंब उभा राहतो, उन्हात जागच्या जागी वाळतो आणि क्षाराची गोल रिंग सोडतो. तुमच्याकडे तिघऱ्याच्या धरणाचं पाणी येतं की बोअरिंग?

आणि खरंच करून घ्यायचं मन असेल तर नंतर कर, गाडी घरी आल्यावर, थंडी गेली की. समोर उभं राहून. बाटली तुझ्यापुढे उघडायला सांग, एका गाडीला ३० ते ५० मिलीची एक बाटली लागते, रिकामी बाटली घरी घेऊन ये, बिलावर प्रॉडक्टचं पूर्ण नाव, बॅच आणि गाडीचा चेसिस नंबर. डीलरच्या पॅकेजपेक्षा स्वस्त पडेल असं नाही म्हणत, पण लागलेलं तरी असेल.

जुना लष्करी

अंडरबॉडीचं कोणी बोललंच नाही.

क्लिअरकोट

हो काका, राहिलंच. ते मात्र डोळ्यांनी दिसतं. मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाकायचं, ताजं असेल तर काळा रबरासारखा खरखरीत थर आणि डांबरासारखा वास. पण हल्लीच्या गाड्यांची बॉडी फॅक्टरीतच गंजरोधक प्रायमरमध्ये पूर्ण बुडवून काढतात आणि खाली जोडांवर सीलंट असतं, त्यामुळे काळं राखाडी काहीतरी आधीपासून दिसणारच, तेच दाखवून "ये देखिए" म्हणतात. आणि घाईत मारलेलं असेल तर सायलेन्सरवर, ब्रेकच्या पाइपांवर पण उडालेलं दिसतं. सगळ्यात वाईट म्हणजे दारांच्या खाली पाणी निघायची बारीक भोकं असतात ती बुजतात, मग पाणी आतच साचतं आणि गंज थांबवायला लावलेल्या गोष्टीनंच गंज धरतो. ग्वाल्हेरला ना समुद्र ना खारी हवा, मी तर माझ्या गाडीला लावलेलं नाही.

मुरारवाला

अपडेट. अल्कोहोलची बाटली खिशातून काढली तेव्हाच मॅनेजर म्हणाला राहू द्या सर. पुसू दिलं नाही. तासाभरात ईमेलवर सुधारित कोटेशन आलं, पेंट प्रोटेक्शनची ओळ गेली!! बाबा पण खूश, म्हणे वाद न होता काम झालं.

पण आता त्यात नवीन ओळ आहे, लॉजिस्टिक्स ॲन्ड हँडलिंग ९,५००. ही कालच्या कोटेशनमध्ये नव्हती.

जयेंद्रगंजची वकीलीणबाई

हे अपेक्षितच होतं. दोन्ही कोटेशन इथं टाक, नाव, फोन आणि चेसिस नंबर झाकून. आणि त्याच ईमेलखाली लगेच उत्तर दे, नवीन मेल काढू नकोस, की हा चार्ज कशाचा आहे आणि आधीच्या कोटेशनमध्ये का नव्हता ते लिहून द्यावं. लोनचे पैसे त्यांच्याकडे जायच्या आधी बँकेला पण सांगून ठेव की फायनल आकडा अजून ठरायचाय.